सध्याचा वापर

फॉर्मवर लिहिलं : वास्तू – शिकारीचा बुरूज, दगडी, तीन मजली.
ठिकाण – बोरिवलीचं जंगल, तुळशी तलावाच्या वरच्या अंगाला.
बांधल्याचं साल –
जानकी बरफ म्हणाली, "माझ्या आज्याच्या आधीचं. तेवढंच लिवा."
पण त्या रकान्यात फक्त चार आकडे मावतात.

एप्रिलचा शेवट. सागाची पानं माझ्या बुटांखाली
पापडासारखी मोडत होती,
आणि जानकी पुढे चालत होती
एकही पापड न मोडता.

बुरूज एकदम दिसत नाही. आधी वटवाघळांचा वास,
मग कुड्याच्या झुडपाआडून चुन्यात सांधलेला एक कोपरा,
मग लक्षात येतं,
मघापासून आपण त्याच्या टप्प्यातच चालतोय.

मी टेप काढली. हातोडा काढला.
हा दगडाला टेकवून दाबायचा असतो, मग तो उसळतो,
आणि किती उसळला त्यावरून कळतं
आत किती जीव उरलाय.
ठक्. अडतीस.
ठक्. एकेचाळीस.
"फार वाजवू नका," जानकी म्हणाली.
"इथं वाजवायचं काम आमच्याकडं असायचं."

आजा, लाडक्या बरफ, वय अकरा.
हाक्याला जायचा, रॉकेलचा डबा आणि काठी घेऊन.
डोंगराच्या पल्याडून साठ माणसं रांगेत,
डबे, थाळ्या, शिट्ट्या,
आणि साहेबांच्या नावानं मोकळ्या गळ्यानं शिव्या,
कारण वर बसलेल्यांना त्या हाळ्याच वाटायच्या.
पुढे जनावर, मागे आवाजाची भिंत,
आणि भिंतीसमोर हा बुरूज :
वरच्या मजल्यावर मडमा, पंखे, लिंबाचं सरबत,
त्यांच्याखाली बंदुका.
दिवसाचे दोन आणे. जनावर पडलं तर तीन.

एके दिवशी आजा डबा वाजवायचा थांबला.
करवंदीच्या जाळीत, काठीच्या अंतरावर,
बिबट्याची मादी बसलेली, कान मागे पाडून.
तो थांबला, म्हणून आवाजाच्या भिंतीला
तिथं एक भोक पडलं,
अकरा वर्षांच्या पोराएवढं.
ती त्यातून निघून गेली.

"मग?"
"मग काय. दोन आणे कापले."

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस.
दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडची खिडकी,
आणि खिडकीत, जंगल संपतं तिथं, टॉवर :
बत्तीस मजले, चाळीस मजले, सगळ्या गॅलऱ्या इकडे वळलेल्या.
जंगल दिसणाऱ्या घराला चौरस फुटामागे जास्त पैसे पडतात,
हे मला ठाऊक आहे, अशा तीन इमारतींवर माझी सही आहे.
जानकी म्हणाली, "रात्री तिथून बॅटऱ्या मारतात.
ते कुंपणाशी आलं, की थाळ्यापण वाजवतात."
आणि हसली नाही.

तिसऱ्या मजल्यावर शेकोटी.
मुंबईत शेकोटी! नकाशा तिकडूनच आला असणार,
बोटीतून, घरच्या थंडीसकट.
शेकोटीत राख नव्हती. वाळलेली विष्ठा, केसाळ, पांढुरकी.
कुत्र्याच्या गळ्यातला लाल पट्टा,
त्याच्या बिल्ल्यावर फ्लॅटचा नंबर, एकोणीसशे चार.
आणि धुळीत पंजे :
एक जोडी माझ्या तळव्याएवढी,
बाकीची रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी,
एकमेकांवरून, गोल गोल, खेळ झाल्यासारखी.
कडेला धूळ अजून ढासळलेली नव्हती.

जानकी कधीच दोन पायऱ्या खाली उतरली होती.
मला हाताने नुसतं, ये.

हातोडा पिशवीत गेला, फडक्यात गुंडाळून,
चेन न लावता.

खाली, पार वाटेवर आल्यावर, फॉर्म पुरा केला.
सध्याचा वापर : निवासी, व्यापारी, रिकामा.
निवासीवर खूण.
तिसऱ्या मजल्याची मोजमापं : घेतली नाहीत.
कारण : आवाज.

साहेब बोलावतील. म्हणतील, हे काय कारण झालं?
कापायचे असतील तर कापोत
दोन आणे.